आईचं वय वंदना कार्ड, गुडघे आणि पाच लाखांचा हिशोब

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्या वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही इंदूरच्या सुदामानगरला राहता. आई ७३ वर्षांच्या, त्यांचं आयुष्मान वय वंदना कार्ड, म्हणजे सरकारच्या आयुष्मान योजनेतलं सत्तरीच्या वरच्यांसाठीचं, वर्षाला पाच लाखांपर्यंतच्या उपचारांचं कार्ड, काढून झालंय. दोन्ही गुडघे गेलेत, जिना चढवत नाही. ज्या रुग्णालयात तीन वर्षं दाखवताय तिथे काउंटरवर कार्ड पुढे केलं, तर उत्तर मिळालं, "भैया, ये इसमें नहीं होगा, कैश में करा लो." शेजारी म्हणाले, सरकार पैसेच देत नाही म्हणून रुग्णालयं टाळतात. मेहुणे म्हणाले, पाच लाख फुकट मिळतायत तर मेडिक्लेमचा हप्ता कशाला भरतोस? तेव्हा हा पैसा येतो कुठून, कार्ड चालत का नाही आणि मेडिक्लेम बंद करावा का, असे तुमचे तीन प्रश्न.

मी इंदूरच्या खासगी रुग्णालयांमध्ये बावीस वर्षं बिलिंग आणि क्लेमचं काम केलं, त्यातली शेवटची सहा आयुष्मानच्या डेस्कमागे. आता घरी आहे, त्यामुळे मोकळेपणाने लिहितो.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकतो, कारण हप्त्याची तारीख कुणासाठी थांबत नाही: मेडिक्लेम बंद करू नका. कारणं पुढे येतील.

आता पैसा. कार्ड हातात आलं की घरोघरी समजूत होते की आईच्या नावाने कुठेतरी पाच लाख जमा झाले. डेस्कवर मला कितीतरी जणांनी विचारलंय, "यावर्षी वापरले नाहीत तर पुढच्या वर्षी दहा होतील का?" होत नाहीत. जमा काहीच झालेलं नसतं. पाच लाख ही वर्षाची वरची मर्यादा आहे, शिल्लक नाही. आणि आपल्या मध्य प्रदेशात तर कुणा विमा कंपनीला तुमच्या आईंच्या नावाने हप्ताही जात नाही. काही राज्यांनी विमा कंपनी नेमली, तिला दर कुटुंबामागे ठरलेला हप्ता दिला. मध्य प्रदेशाने ट्रस्टचा मार्ग घेतला. भोपाळची राज्य संस्था, दीनदयाल स्वास्थ्य सुरक्षा परिषद, स्वतःच क्लेम तपासून घेते आणि स्वतःच पैसे देते. तपासणीच्या कामाला बाहेरच्या एजन्सी लावलेल्या असतात, पण फायदा-तोटा त्यांचा नसतो. म्हणजे नावात विमा असला तरी व्यवहार सरकारने रुग्णालयाचं बिल भरण्याचा आहे.

ते बिल ६० टक्के केंद्र आणि ४० टक्के राज्य वाटून घेतात. ईशान्येकडच्या आणि हिमालयातल्या राज्यांत ही वाटणी ९० आणि १० अशी आहे. २३ सप्टेंबर २०१८ ला रांचीहून आयुष्मान योजना सुरू झाली तेव्हा २०११ च्या सामाजिक-आर्थिक जनगणनेतली १० कोटी ७४ लाख कुटुंबं धरली होती. पुढे हा आकडा १२ कोटींवर नेला. मध्य प्रदेशाने त्यात संबल या राज्याच्या योजनेतले असंघटित मजूर आणि धान्याच्या पात्रता पर्चीवाली कुटुंबंही घेतली. सुरुवातीच्या यादीबाहेरची माणसं राज्याने घेतली की त्यांचा भार राज्याच्या तिजोरीवर, हे सुरुवातीपासूनचं सूत्र. सत्तरीच्या वरच्यांचं मात्र वेगळं. ११ सप्टेंबर २०२४ ला केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली, २९ ऑक्टोबरला, धनत्रयोदशीच्या दिवशी, योजना सुरू झाली, आणि उत्पन्नाची अटच काढून टाकली. त्यामुळे तुमच्यासारख्या नोकरदार घरातल्या आईंनाही कार्ड मिळालं.

केंद्राचा पैसा अर्थसंकल्पातून, म्हणजे तुमच्या-माझ्या करातून येतो. आयकरावर जो ४ टक्के आरोग्य आणि शिक्षण उपकर कापला जातो, त्यातला आरोग्याचा वाटा ठेवायला २०२१ मध्ये प्रधानमंत्री स्वास्थ्य सुरक्षा निधी उभारला. त्यातूनही या योजनेला पैसा जातो. तेव्हा फुकट हा शब्द मेहुण्यांना मागे घ्यायला सांगा. तुम्ही पगारातून भरताय, फक्त पावतीवर आईंचं नाव नाही.

आपल्या इंदूरला दुसरी पद्धतही जुनी ठाऊक आहे. नंदानगरचं ईएसआयचं, म्हणजे कामगार राज्य विम्याचं, रुग्णालय गिरणी कामगारांच्या वस्तीत उभं राहिलं. तिथे मालक पगाराच्या ३.२५ टक्के आणि कामगार ०.७५ टक्के भरतो, भरणाऱ्यालाच हक्क. त्या व्यवस्थेत पैसा आधी येतो, माणूस मागाहून. आयुष्मानमध्ये माणसं आधी मोजली जातात आणि पैशाची तरतूद दर फेब्रुवारीत होते. हा फरक लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

आकडे बघा. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात केंद्राने या योजनेसाठी ९,४०६ कोटी ठेवले. १२ कोटी कुटुंबांनी भागलं तर कुटुंबामागे वर्षाला पावणेआठशे-आठशे रुपये. राज्याचा वाटा धरून तेराशेच्या आसपास. सत्तरीच्या वरच्यांसाठी सुरुवातीची तरतूद ३,४३७ कोटी आणि माणसं सुमारे ६ कोटी, म्हणजे माणशी पावणेसहाशे. तुमच्या आईंच्या वयाच्या माणसाला बाजारात पाच लाखांच्या पॉलिसीचा हप्ता किती पडतो ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे, तुम्ही भरताय.

मग सरकारला हे परवडतं कसं? एक तर सगळे आजारी पडत नाहीत. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत बाळंतपणं सोडून वर्षभरात शंभरातली साधारण तीन माणसं भरती झालेली दिसली. त्याच पाहणीत एका भरतीचा सरासरी खर्च सरकारी रुग्णालयात ४,४५२ रुपये आणि खासगीत ३१,८४५ होता. दुसरं, आयुष्मानचे दर सरकारने स्वतः ठरवलेत. २०२५ च्या सुरुवातीपर्यंत देशात साडेआठ कोटींच्या आसपास भरती झाल्या आणि त्यांची रक्कम सुमारे १ लाख १९ हजार कोटी. म्हणजे सरासरी भरती चौदा हजारांच्या आसपासची. पाच लाखांच्या जवळ पोचणारी केस आमच्या डेस्कला महिन्यातून एखादी दिसायची, आणि तीही बहुतेक कॅन्सरची किंवा जळालेल्या रुग्णाची.

म्हणून माझं म्हणणं एवढंच, की पाच लाख हा आकडा डोक्यातून काढून टाका. त्याने तुमच्या आईंचं काही अडलेलं नाही आणि काही सुटणारही नाही. त्यांचं अडलंय ते दरपत्रकातल्या एका ओळीपाशी आणि रुग्णालयाच्या बँक खात्यात पैसे कधी पडतात त्यापाशी.

दरपत्रकाला आम्ही पॅकेज म्हणतो. २०२२ च्या सुधारणेत २७ विभागांत १,९४९ प्रक्रिया होत्या, प्रत्येकीला कोड आणि एक रक्कम. त्या रकमेत सगळं आलं: खाट, जेवण, डॉक्टर, भूल, औषधं, इम्प्लांट म्हणजे आत बसवायचा कृत्रिम सांधा, भरतीच्या आधीचे तीन दिवस आणि डिस्चार्जनंतरचे पंधरा दिवस. वरून एक रुपया घ्यायचा नाही. योजना आली तेव्हाच्या यादीत बायपासला १ लाख १० हजार आणि गुडघ्याला ८० हजार होते. दोन्ही गुडघे केले तरी पाच लाखांच्या निम्म्यालाही हात लागत नाही.

आता तुमच्या काउंटरवाल्याच्या जागी बसून बघा. २०१७ च्या ऑगस्टमध्ये सरकारने गुडघ्याच्या इम्प्लांटच्या किमती बांधल्या. सगळ्यात जास्त वापरला जाणारा कोबाल्ट-क्रोमियमचा ५४,७२० रुपयांना. ऐंशी हजारांतून हे वजा करा, उरलेल्यात शस्त्रक्रिया, भूलतज्ज्ञ, चार-पाच दिवसांची खाट आणि फिजिओथेरपी. परवडत नाही असं कुणीही म्हणेल, आणि रुग्णालयाचे मालक हेच गणित पत्रकारांना दाखवतात. पण ५४,७२० ही रुग्णाला लावायची कमाल किंमत, रुग्णालयाची खरेदी किंमत नव्हे. महिन्याला चाळीस गुडघे करणारं रुग्णालय तेच इम्प्लांट बरंच खाली घेतं. म्हणून हाच दर एका ठिकाणी तोट्याचा आणि दुसऱ्या ठिकाणी पोटापुरता. ज्यांच्याकडे कॅशचा रुग्ण भरपूर आहे ते गुडघा आयुष्मानमध्ये करत नाहीत. ज्यांचं ऑपरेशन थिएटर दुपारनंतर रिकामं पडतं ते करतात. दोघांतही पाप नाही. पाप तेव्हा होतं जेव्हा पॅनेलवर, म्हणजे योजनेतल्या रुग्णालयांच्या यादीत, नाव ठेवायचं, बाहेर बोर्ड लावायचा आणि आत आलेल्याला खोटं सांगायचं.

दर बदलले की वागणूक कशी बदलते याचं मी डोळ्यांनी पाहिलेलं उदाहरण आयसीयूचं. २०२१ च्या ऑक्टोबरपर्यंत व्हेंटिलेटर नसलेल्या आयसीयूचा दर दिवसाला ३,६०० होता आणि व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाचा ४,५००. त्या दिवसांत आमच्याकडे रात्री निमोनियाचा आयुष्मान रुग्ण आला की आयसीयूत जागा नसायची. खरं सांगायचं तर असायची. जागा नाही हे मलाच सांगावं लागायचं, आणि ते आठवलं की अजून झोप लागत नाही. मग दर अनुक्रमे ८,५०० आणि ९,००० झाले, आणि महिन्याभरात त्याच आयसीयूत जागा होऊ लागली. भिंती त्याच, खाटा त्याच.

तेव्हा "इसमें नहीं होगा" याचे अर्थ चार असू शकतात आणि तुम्हाला त्यातला नक्की कोणता ते काढून घ्यायचंय. एक, रुग्णालय पॅनेलवर आहे पण हाडांच्या विभागासाठी नाही. पॅनेल विभागवार मिळतं, डोळ्यांसाठी असलेलं रुग्णालय गुडघ्यासाठी असेलच असं नाही. दोन, राज्याला काही प्रक्रिया फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखून ठेवता येतात आणि ती यादी बदलत असते. तीन, आईंना जे सुचवलंय त्याचं इम्प्लांट पॅकेजपेक्षा महागडं आहे. चार, करायचं नाहीये. पहिल्या दोनात रुग्णालयाचा दोष नाही. तिसऱ्यात डॉक्टरांना सरळ विचारा, साध्या इम्प्लांटने माझ्या आईचं काय बिघडेल? बहुतेक वेळा प्रामाणिक उत्तर असतं, फारसं काही नाही. चौथं असेल तर तिथे वेळ घालवू नका.

डेस्कवर जाऊन "कार्ड चालतं का" असं विचारू नका, त्याला उत्तर "नाही" हेच सोपं पडतं. आयुष्मान मित्राला, म्हणजे रुग्णालयातल्या योजनेच्या डेस्कवरच्या माणसाला, विचारा, "टोटल नी रिप्लेसमेंटचं पॅकेज तुमच्या रुग्णालयाला दिसतं का? दिसत असेल तर प्री-ऑथ टाका." प्री-ऑथ म्हणजे भरतीची आगाऊ मंजुरी. ती टाकली की तुमची केस भोपाळच्या पटलावर येते आणि होकार-नकार लेखी मिळतो. तोंडी नकाराला काही पुरावा नसतो.

आता तुमच्या शेजाऱ्यांचं, की सरकार पैसेच देत नाही. हे अर्धं खरं आहे आणि उरलेलं अर्धं जास्त मजेशीर. २०१९-२० मध्ये केंद्राने ६,४०० कोटी ठेवले आणि वर्ष सरताना सुधारित आकडा ३,२०० कोटींवर आणला. पुढची दोन वर्षंही साधारण तसंच, निम्मी तरतूद परत. त्याच काळात आमच्या रुग्णालयाचे क्लेम सहा-सहा महिने थकलेले. पैसा नव्हता असं नाही. पैसा दिल्लीत होता, बिल इंदूरमध्ये होतं आणि मधली नळी बारीक होती.

नळी बारीक का, तर केंद्र आपले ६० टक्के हप्त्याहप्त्याने देतं, आधीच्या पैशाचं उपयोगिता प्रमाणपत्र मिळालं की पुढचे. राज्याने आपले ४० टक्के वेळेत टाकलेले असले पाहिजेत. राज्याच्या तिजोरीत त्या महिन्यात दुसरी एखादी मोठी योजना पुढे असली की हे मागे पडतं. ईएसआयसारखी दर महिन्याची ठरलेली वर्गणी इथे नाही, म्हणून मी वर तो फरक लक्षात ठेवा म्हणालो. नियम सांगतो की राज्यातल्या राज्यात क्लेम १५ दिवसांत आणि दुसऱ्या राज्यातल्या रुग्णाचा ३० दिवसांत फेडायचा. आमच्या वहीत पंधरा दिवसांत फिटलेले क्लेमही आहेत. ते शोधायला मात्र पानं उलटावी लागतात.

यात रुग्णालयांचा हात नाही असं समजू नका. क्लेमला क्वेरी लागते म्हणजे कागद कमी असतो. ऑपरेशननंतरचा एक्स-रे नाही, इम्प्लांटचं स्टिकर नाही, डिस्चार्जच्या वेळचा रुग्णाचा फोटो नाही. अर्ध्या क्वेरी आमच्याच आळसाच्या. आणि काही रुग्णालयांनी जे केलं त्याने सगळ्यांचीच तपासणी कडक झाली. महालेखापरीक्षकांचा २०२३ चा अहवाल आला तेव्हा साडेसात लाखांच्या आसपास लाभार्थी एकाच मोबाइल क्रमांकाला जोडलेले निघाले, आणि तो क्रमांक म्हणजे दहा वेळा नऊ. उपचारादरम्यान मृत दाखवलेल्या रुग्णांच्या नावाने नव्या उपचारांचे क्लेमही सापडले. मोबाइलचा घोळ काही ठिकाणी निव्वळ घाईचा होता, गावातल्या म्हातारीकडे फोन नाही म्हणून ऑपरेटरने नऊ दाबून ठेवले. मेलेल्या माणसाच्या ऑपरेशनला मात्र घाईची सबब चालत नाही. त्यानंतर आमच्याकडे प्रत्येक डायलिसिसला बोटाचा ठसा आणि फोटो. आठवड्यातून तीनदा येणारा रुग्ण तो, त्याला दर वेळी "ऊपर देखिए बाबूजी" म्हणताना आम्हालाच ओशाळं व्हायचं.

उशिरा पैसे मिळण्याचा परिणाम रुग्णाला असा दिसतो: कार्ड नाकारलं जात नाही, तारीख पुढची मिळते. आठवड्याला आयुष्मानचे चार गुडघे, बाकी कॅश आणि मेडिक्लेम, असा अलिखित कोटा असतो. तुम्हाला तीन आठवड्यांनंतरची तारीख दिली तर भांडू नका, घ्या. गुडघा थांबू शकतो. छातीत दुखत असतं तर मी वेगळं सांगितलं असतं.

सरकारी रुग्णालयाचं नाव तुमच्या प्रश्नात कुठेच नाही, हेही माझ्या लक्षात आलं. आपल्या मराठी घरांमध्ये एमवाय, म्हणजे इंदूरचं मोठं सरकारी महाराजा यशवंतराव रुग्णालय, म्हटलं की भुवया चढतात. पण हा पैसा सरकारी रुग्णालयांनाही मिळतो. एमवाय किंवा त्यांच्या सुपर स्पेशालिटीमध्ये आयुष्मानवर ऑपरेशन झालं तर क्लेम त्या संस्थेच्या खात्यात पडतो, वर्षाच्या ठरलेल्या अनुदानाच्या वरचा. देशभरात मात्र रकमेचा दोन-तृतीयांश भाग खासगीकडे जातो. रुग्णालयाने स्वतःचा पैसा स्वतः उभा करून स्वतः खर्चायचा, ही कल्पनाच मुळात याच शहरातली. १९९४ मध्ये उंदरांनी पोखरलेलं एमवाय अख्खं रिकामं करून साफ केलं होतं, लोकवर्गणी झाली होती. ज्यांची पन्नाशी उलटली आहे त्यांना ते दिवस आठवत असतील. त्यातून रोगी कल्याण समिती निघाली आणि पुढे २००५ नंतर ग्रामीण आरोग्य अभियानाबरोबर ती देशभर गेली. कागदोपत्री इंदूरची केवढी मोठी देणगी, आणि आपल्याला पोह्यांपलीकडे काही सांगता येत नाही! असो. गुडघ्यांचं काम रोज करणारा सरकारी सर्जन हात बसलेला असतो आणि त्याला कॅश-आयुष्मान हा भेद करावा लागत नाही. गैरसोय आहे ती रांगेची आणि नातेवाइकाला धावपळ करावी लागण्याची. एकदा ओपीडीत दाखवून तरी या.

दोन्ही गुडघे एकाच वेळी करावेत का, हे डॉक्टर सांगतील. पण पैशाची बाजू माहीत असू द्या. साधारण नियम असा की एका बैठकीत दोन-तीन शस्त्रक्रिया झाल्या तर पहिलीचे पूर्ण, दुसरीचे निम्मे आणि तिसरीचे पाव पैसे मिळतात. म्हणून बऱ्याच ठिकाणी "एक आत्ता, दुसरा नंतर" असं सुचवतात. तुमच्या आईंचं वय बघता तेच बरंही असेल, फक्त सल्ला वैद्यकीय आहे की हिशोबाचा, हे विचारायला लाजू नका.

आता मेडिक्लेम. तुमची पॉलिसी आई, तुम्ही, पत्नी आणि दोन मुलं अशी फ्लोटर, म्हणजे सगळ्यांना मिळून एकच रक्कम असलेली, आहे. पहिला गैरसमज दूर करतो: वय वंदना कार्ड फक्त आईंचं आहे. घरात सत्तरीच्या वरचं आणखी कुणी असतं तर ते पाच लाख त्या दोघांत वाटले असते, पण तुम्ही, पत्नी किंवा मुलं त्यात येत नाही. मेहुण्यांच्या सल्ल्याने पॉलिसी बंद केलीत तर उद्या तुमच्या अपेंडिक्सला काही नाही. तेव्हा प्रश्न उरतो तो आईंना पॉलिसीतून काढण्याचा. काढल्यावर हप्ता बराच उतरेल हे खरं, कारण फ्लोटरचा हप्ता घरातल्या सर्वांत मोठ्या वयावर ठरतो.

मी तुमच्या जागी असतो तर आईंना त्यातून काढून त्यांच्यासाठी लहान रकमेची वेगळी पॉलिसी त्याच कंपनीकडे मागितली असती, आणि जुन्या वर्षांचं श्रेय लेखी घेतलं असतं. पॉलिसी पूर्ण सोडून दोन वर्षांनी परत घ्यायला गेलात तर जुन्या आजारांचे पैसे मिळण्याआधी थांबायची मुदत पुन्हा शून्यापासून. नियमाने ती आता जास्तीत जास्त तीन वर्षांची आहे, पण ७५ व्या वर्षी तीन वर्षं म्हणजे पुष्कळ. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी गेलाय आणि ज्येष्ठांचा हप्ता वर्षाला १० टक्क्यांच्या वर नेण्याआधी कंपनीला नियामकाकडे जावं लागतं. म्हणजे सोडायला ही वेळ वाईट.

मेडिक्लेम ठेवायचा तो कशासाठी? रात्री दोन वाजता जवळच्या, पॅनेलवर नसलेल्या रुग्णालयात न्यावं लागलं तर. डॉक्टर आपल्या पसंतीचा हवा असेल तर. आयुष्मान मात्र मोठ्या, आधी ठरवून करायच्या ऑपरेशनसाठी उत्तम, कारण त्यात जुना आजार, मुदत, खोलीच्या भाड्याची कात्री असली कटकट नाही. एकाच भरतीत दोन्ही लावता येणार नाहीत. "आयुष्मानमधून पॅकेज घेऊ आणि वरचं मेडिक्लेममधून" असं कुणी सुचवलं तर तिथून उठा. आणि ओपीडी, रोजच्या बीपी-साखरेच्या गोळ्या, फिजिओथेरपीची पुढची सहा महिन्यांची बिलं, हे आयुष्मानमध्ये नाही; त्याची तजवीज घरूनच करावी लागेल. आई कधी पुण्याला लेकीकडे असतील तर तिथल्या पॅनेलवरच्या रुग्णालयातही कार्ड चालतं.

कागदांचं शेवटी लिहितोय, पण आमच्या मराठी माणसांच्या निम्म्या केसेस इथेच अडकतात. कारण ळ. इथला ऑपरेटर काळेंना काले करतो, फाळकेंना फालके, आणि इंग्रजीत आधारवर दोन ए, समग्रमध्ये, म्हणजे मध्य प्रदेशाच्या कुटुंब ओळख क्रमांकात, एक. त्यात बायकांची नावं. आधारला सासरचं, समग्र आयडीत माहेरचं किंवा घरातलं लाडाचं, मधे वडलांचं की नवऱ्याचं याचा पत्ता नाही. आमच्याकडे एक आजी आल्या होत्या, कार्डावर "माई" आणि आधारवर भलं मोठं नाव. सून म्हणे, अहो त्यांना सगळे माईच म्हणतात. त्या दिवशी हिपचं ऑपरेशन चार दिवस पुढे गेलं. तुमच्या आईंचं कार्ड आधारवरूनच निघालेलं असणार, पण जन्मवर्ष एकदा ताडून बघा. आधारवर १ जानेवारी लिहिलेल्या ज्येष्ठांची जत्राच असते आपल्याकडे. चूक असेल तर भरतीच्या आदल्या आठवड्यात नव्हे, आत्ताच वॉर्ड ऑफिसात किंवा आधार केंद्रावर जाऊन दुरुस्त करून घ्या.

कुणी पैसे मागितले, "इम्प्लांट अच्छा वाला डलवा लो, पच्चीस हजार अलग से" अशा गोड भाषेतही, तर पावती मागा. पावती देणार नाहीत. मग १४५५५ वर फोन करून तक्रारीचा नंबर घ्या. ती जिल्हा तक्रार निवारण समितीकडे जाते. ऑपरेशनच्या आधी केलेल्या तक्रारीचा उपयोग होतो, नंतरच्या तक्रारीला रुग्णालयाकडे तुमच्या सहीचं संमतीपत्र असतं. त्यामुळे भरतीच्या दिवशी पुढे येणाऱ्या कागदांपैकी "स्वेच्छेने अतिरिक्त रक्कम" असं काही लिहिलेला कागद दिसला तर त्यावर सही करू नका, आणि आईंचा अंगठाही घेऊ देऊ नका.

डिस्चार्जच्या दिवशी आधार आणि आई दोघंही डेस्कवर हजर हवेत, कारण फोटो आणि ठसा पुन्हा घेतात. आईंना आधी गाडीत बसवून मग कागद करायला येऊ नका. पंधरा दिवसांची औषधं रुग्णालयातून मागून घ्या, ती पॅकेजमध्ये आहेत. आणि जर भरती होऊन काही कारणाने ऑपरेशन न करताच घरी आणलंत, तर प्री-ऑथ रद्द केल्याची खात्री करा. नाहीतर ती रक्कम आईंच्या मर्यादेतून अडकून राहते आणि पुढच्या रुग्णालयातला मुलगा स्क्रीनकडे बघून सांगतो की माताजी तर आधीच कुठेतरी भर्ती आहेत.